सात मात्रांची परीक्षा

दाफिना मावशीचा डावा हात गेला तेव्हा मी भिंतीपलीकडे पुस्तकांवर शिक्के मारत होते. आमच्या गावच्या चितालिश्तेत, म्हणजे सांस्कृतिक केंद्रात, एका अंगाला वाचनालय आहे, ते मी सांभाळते, आणि दुसऱ्या अंगाला नाचाचं दालन. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिकडून मावशीचं अ‍ॅकॉर्डियन ऐकू यायचं, त्याच्यावर सोळा जणांच्या पायांचा धपधपाट, आणि त्याच्याही वर तिचा आवाज. "मोजा रे, मोजा! दोन, दोन, तीन! पायांचे कान फुटले का आज?"

त्या दिवशी राचेनित्सा चालली होती. सात मात्रांचा नाच. दोन पावलं आखूड, एक लांब. सातवी मात्रा पुरी केल्याशिवाय मावशी थांबलीय असं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी वाद्य पाचव्या मात्रेवर बंद पडलं. मी शिक्का हातात घेऊनच पळाले.

ती खुर्चीत वाकडी झाली होती. अ‍ॅकॉर्डियनचा भाता उघडा पडलेला. अर्धांगाचा झटका आला होता. गाडी लवकर मिळाली म्हणून जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं. दीड महिन्यानं काठी टेकत घरी आली. पाय हळूहळू सुधारला, डावा हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. वय एकोणसाठ. त्यातली एकतीस वर्षं तिनं गावाला नाचवलं होतं.

अ‍ॅकॉर्डियन पेटीत घालून पलंगाखाली सरकवलं. सरपंचबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "दाफिना, ते वाद्य आपण दालनात काचेच्या कपाटात ठेवू या. मुलांना बघायला होईल."

"ठेवा की," मावशी म्हणाली. "शेजारी मलाही बसवा. रविवारी पुसून घेत जा."

तो विषय तिथेच संपला.

तिचा नवरा आपोस्तोल काका घंटा करतो. मेंढ्याबकऱ्यांच्या गळ्यातल्या. लोखंडाचा पत्रा ठोकून आकार द्यायचा, पितळेचे तुकडे घालून मातीत लपेटायचा, भट्टीत टाकायचा आणि शेवटी काठावर बारीक हातोडीनं टिचक्या मारत सूर लावायचा. हे शेवटचं काम चालू असताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. एका कळपाच्या सगळ्या घंटा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. धुक्यात मेंढपाळ नुसत्या आवाजावरून आपला कळप ओळखतो.

त्यांची मुलगी झोर्नित्सा स्पेनमध्ये, वालेन्सियाला असते. ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा तिनं बापाच्या कामाचा चार मिनिटांचा व्हिडिओ केला, मागे कुठलीशी बासरी लावली आणि इंटरनेटवर टाकला. लोकांना आवडला. तीन आठवड्यांनी निरोप आला: यातलं संगीत दुसऱ्याच्या मालकीचं आहे, सबब आवाज बंद करण्यात येत आहे. झालं! भट्टी पेटतेय, हातोडा पडतोय, घंटा हलतायत, आणि सगळं मुकं.

"बिनआवाजाची घंटा," आपोस्तोल काका म्हणाला. "यापेक्षा मी बादल्या केल्या असत्या."

झोर्नित्सानं फोन केला. मी तेव्हा त्यांच्याकडेच चहाला बसले होते. "आई, चूक माझीच. फुकट वापरता येईल असं संगीत मिळतं, दुसरं लावते." तिनं फोनवरूनच पाच-सहा नमुने ऐकवले.

मावशीनं सगळे ऐकले. "हे कुणाचं आहे गं?"

"कुणाचंच नाही आई. कुणीही घ्यावं असं आहे."

"मग ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं घ्यावं. माझ्या नवऱ्याच्या घंटांना मी देईन."

झोर्नित्साला विचारवलं नाही, ते काकानं विचारलं. "एका हातानं?"

"सूर डोक्यात होतात, आपोस्तोल. हाताचं काम नंतरचं." एवढं म्हणून तिनं उजव्या हातानं माझ्या कपात चहा ओतला. थोडा बशीत सांडला. तो तिनं मला पुसू दिला नाही, स्वतः पुसला.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात हजर. "नेदे, तुझ्या त्या लॅपटॉपवर गाणं बांधता येतं म्हणतात. कसं?"

"मला नाही माहीत मावशी."

"बरं झालं. माहीत असतं तर तू मला घाई केली असतीस."

आम्ही शोधायला बसलो. अशी सॉफ्टवेअरं एक नाही, दोन नाही, पन्नासभर निघाली. प्रत्येकाच्या पानावर तेच: सगळ्यांत सोपं, नवशिक्यांसाठी उत्तम, दहा मिनिटांत पहिलं गाणं. मावशी वैतागली. "बाजारात प्रत्येक जण आपलंच ताक गोड म्हणतो. यांची परीक्षा घेतली पाहिजे." तिनं एक कोरा कागद मागितला आणि तीन प्रश्न लिहिले. तुला सात मोजता येतात का? आपोस्तोलच्या घंटेचा आवाज तुझ्यात घालून त्याचे स्वर वाजवता येतात का? आणि हे सगळं मला एकट्या उजव्या हातानं जमेल का?

पहिलं घेतलं ते फुकटचं होतं. तयार तुकडे एकापुढे एक मांडायचे, ढोलाचा, गिटारचा, तंतुवाद्यांचा, की झालं गाणं. अर्ध्या तासात बरं वाजायला लागलं. मीच खूश झाले. पण सगळे तुकडे चार मात्रांचे. मावशीनं सातवर ओढायचा प्रयत्न केला, तर त्यानं उरलेली एक मात्रा मुकाट्यानं भरून आठ केल्या. "बघ, बघ लबाड!" ती म्हणाली. "मी सात मागते, हा आठ देतो आणि वर उपकार केल्याचं तोंड करतो." तरी तिनं आठवडाभर त्याला संधी दिली. मग एका संध्याकाळी त्यांच्याकडे टीव्ही लागला होता. गाद्यांची जाहिरात आली, आणि जाहिरातीमागे मावशीनं निवडलेला तोच तुकडा, जसाच्या तसा. काका हसून हसून खोकायला लागला. "अगं, तुझं गाणं गादीवर झोपलं!" मावशी हसली नाही. तिनं कागदावर पहिल्या नावापुढे आडवी रेघ मारली.

दुसरं सॉफ्टवेअर मोठ्या स्टुडिओतले लोक वापरतात ते. महिनाभर वापरून बघायची मुभा होती. सात काय, तेरा मोजायलाही ते तयार. पण पडद्यावर एवढी बटणं की मावशी म्हणाली, विमान चालवायचं असतं तर वेगळी गोष्ट. तेही तिनं सोसलं असतं. वहीत चित्रं काढून एकेक बटण पाठ करायला लागली होती. अडलं ते दुसरीकडेच. नेहमीच्या कामांनाही दोन-दोन, तीन-तीन कळा एकदम दाबाव्या लागायच्या, एक कीबोर्डच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. तिनं अंगठा आणि करंगळी ताणली, एकदा तर हनुवटीनं कळ दाबली. मला बघवेना.

"मावशी, मी दाबते ना एक कळ."

"आणि तू सुट्टीवर गेलीस की मी काय, पोस्टमनला बोलवू?"

दुसरी रेघ.

याच सुमारास झोर्नित्सानं एक नवाच प्रकार पाठवला. यात काही करायचंच नव्हतं. शब्दांत लिहायचं, काय हवं ते, आणि मिनिटभरात यंत्र गाणं करून देणार. तिनं लिहून पाठवलंही होतं: डोंगर, घंटा, बल्गेरिया, थोडं उदास. आलेलं गाणं खरंच वाईट नव्हतं. त्यात सातचा ठेकासुद्धा होता. मी मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मग पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं."

"मग आई, घेऊ या?" फोनवरून झोर्नित्सा.

"घे की तुला हवं तर. पण मग मी दिवसभर काय करू? अगं, मला गाणं *हवं* नाहीये. मला ते *करायचंय*."

झोर्नित्सा रडायला लागली. तिला वाटलं आपण आईला दुखावलं. मावशी तिला समजावत बसली, उलट वालेन्सियातल्या नातवाचे दात किती आले ते विचारलं. पण त्या प्रकाराकडे ती परत वळली नाही.

चौथं स्वरलिपीचं निघालं. कागदावर लिहितो तसे पाच रेघांवर स्वर मांडायचे. इथे मावशीचा जीव रमला. स्वरलिपी तिची जन्माची ओळखीची, आणि माऊसनं एकेक स्वर टेकवायला एक हात पुरतो. दोन दिवसांत तिनं पानभर लिहिलं. वाजवलं तेव्हा मात्र आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खेळण्याचा आवाज. त्यात घंटा घालायची सोय नाही, आणि समोर व्हिडिओ लावून त्याबरोबर संगीत जुळवायची तर नाहीच नाही. तिनं त्याला पूर्ण नापास केलं नाही. "हा माझी वही," ती म्हणाली. "गाडी नाही."

पाचवं मला एका चर्चेच्या पानावर सापडलं. कुणा अपंग माणसानंच लिहिलं होतं की यातली प्रत्येक कळ आपल्या सोयीनं बदलता येते. दोन महिने सगळं उघडं, नंतर किंमत अगदी बेताची. दिसायला कळाहीन. राखाडी पट्टे, त्यावर राखाडी अक्षरं. मी म्हटलं, "मावशी, हे फारच ओबडधोबड आहे."

"नवरा निवडताना चेहरा बघावा. अवजाराची मूठ बघावी."

"म्हणजे माझा चेहरा बघितला होतास तर!" दारातून आपोस्तोल काका. तिला घरी न्यायला आला होता.

"तेव्हा मला चष्मा नव्हता," मावशी म्हणाली.

तिनं सगळी कामं कीबोर्डच्या उजव्या अर्ध्या भागात आणली, आठ-दहा कळांवर. सात मोजायला सांगितलं, दोन-दोन-तीन अशा गटांत. पट्ट्यावर रेघा बरोबर तशाच उमटल्या, दोन आखूड, एक लांब. मावशीनं बोटानं एकेक रेघ मोजली. मग म्हणाली, "हं. हा शाळेत गेलाय."

काकाच्या एका घंटेचा आवाज आत घातला, तर तिचे स्वरही वाजले. वाटलं, संपली परीक्षा. खरी तर पुढेच होती.

नोव्हेंबरात तिनं कामाला सुरुवात केली. लॅपटॉप मी तिला घरी नेऊ दिला, नोंदवहीत लिहिलं, "वाचक: दाफिना कारादझोवा, मुदत: काम होईपर्यंत." भट्टीमुळे ऊब असते म्हणून ती काकाच्या कारखान्यातच एका बाकावर बसायची. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी ती बांधलेली चाल वाजवत होती, तंतुवाद्यं खाली धरून वर घंटा, आणि काकानं हातोडी ठेवली.

"बंद कर ते. माझ्या घंटा बेसूर वाटायला लागल्यात."

"आहेतच त्या बेसूर," मावशी बोलून गेली. "माझा पंचम सरळ आहे. तुझी घंटा खाली बसते."

"चाळीस वर्षांत एकाही मेंढपाळानं तक्रार केली नाही."

"मेंढपाळ तंतुवाद्यांबरोबर हिंडत नाहीत."

काकानं एप्रन काढून खुंटीला लावला आणि भर दुपारी घरात जाऊन बसला. दोन दिवस त्यांच्याकडे घेवड्याचं सूप मुकाट्यानं गिळलं गेलं. मी गेले तर दोघंही माझ्याशीच बोलायची.

तिसऱ्या दिवशी मावशी बर्फातून काठी टेकत वाचनालयात आली. टोपीसुद्धा न काढता बसली. "नेदे, मी मूर्खासारखं बोलले. एकाच छपराखाली इतकी वर्षं काढली, पण माझं वाद्य आणि त्याच्या घंटा कधी एकत्र वाजल्याच नाहीत. मी तिकडे दालनात, तो इकडे भट्टीशी. अ‍ॅकॉर्डियनचे सूर बदलता येत नाहीत, म्हणून मला वाटत राहिलं की जगातलाच सूर तो. त्याच्या घंटा एकमेकींशी अगदी चोख आहेत. माझ्या यंत्राशी नाहीत. मग बदलायचं कुणी?"

"यंत्रानं?"

"बघ बरं, त्याला येतं का."

मदतीची पानं इंग्रजीत होती. माझं इंग्रजी शाळेतलं. डिक्शनरी घेऊन दीड दिवस काढला, तेव्हा एक कोपरा सापडला. दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग करून प्रत्येक स्वर आपल्याला हवा तेवढा वर किंवा खाली सरकवता येत होता. मावशीनं जुना कागद काढला आणि खाली चौथा प्रश्न लिहिला: दुसऱ्याच्या सुरात येशील का? पुढे लगेच बरोबरची खूण केली.

मग काम म्हणजे काम. घंटा एकोणीस. प्रत्येक घंटा मी टांगून धरायची, मावशीनं लाकडी दांड्यानं वाजवायची, आवाज टिपायचा, सूर मोजायचा, आकडा लिहायचा. काकानं नाही म्हटलं नाही, मदतही केली नाही. पाठ करून पत्रा कापत राहिला. चौथ्या दिवशी सगळे आकडे यंत्रात भरून झाले. मावशीनं चाल लावली.

मला संगीतातलं कळत नाही. पण आधी जे दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं वाटत होतं, ते आता एका दमात बोलल्यासारखं आलं. पत्रा कापायचा आवाज थांबला. काका येऊन तिच्या बाकामागे उभा राहिला.

"पाचवी घंटा," तो म्हणाला. "ती चुकलीय."

मी मनात म्हटलं, आता परत सुरू. मावशीनं वही उघडली, बोट ठेवून आकडा वाचला, पडद्यावरचा वाचला. वहीत एकतीस होतं, तिनं तेरा टाकलं होतं. दुरुस्त करून पुन्हा वाजवलं.

काकानं मान आडवी हलवली, म्हणजे आमच्याकडे होकार. मग त्यानं पेटलेली लाकडं भट्टीच्या तिच्याकडच्या बाजूला सरकवली. सुपाला मीठ कमी होतं हे त्या दिवशी भांडणानंतर पहिल्यांदा बोललं गेलं.

चार मिनिटांच्या व्हिडिओच्या संगीताला तिला अकरा आठवडे लागले. एकदा लॅपटॉप अडकला आणि तीन दिवसांचं काम गेलं. मी तोंडाला हात लावला. मावशीनं वही काढली, पान उलटलं, आणि पहिल्या स्वरापासून भरायला लागली. हातोड्याच्या ठोक्यांवर ताल बसवायचा तिचा विचार होता, पण काका ठोकतो तो पत्रा सांगेल तसा, कधी जलद, कधी थांबून. तिनं खूप झगडून तो नाद सोडला. "त्याला मी उभ्या जन्मात तालात आणू शकले नाही, आता काय आणणार." तिनं हातोडा मोकळाच ठेवला, घंटा भट्टीतून निघून पहिल्यांदा वाजते तिथून संगीत सुरू केलं.

व्हिडिओ फेब्रुवारीच्या शेवटी गेला. आवाजासकट. फार मोठा गवगवा झाला असं नाही. पण शेजारच्या खोऱ्यातल्या एका विणकर बाईनं लिहिलं, माझ्या मागासाठी कराल का? मग एका चीज करणाऱ्यानं. मावशी प्रत्येकाला आधी त्याच्या कामाचे आवाज टिपून पाठवायला सांगायची.

उन्हाळ्यात प्लोवदिव शहरातून यावोर नावाचा तिशीतला माणूस आला. मेंढपाळांवर वीस मिनिटांची फिल्म केली होती, तिला संगीत हवं होतं. मावशीनं फिल्म दोनदा बघितली आणि दहा दिवसांनी त्याला ऐकवलं.

"सुंदर आहे मावशी," तो म्हणाला. "फक्त हे सात जरा चारवर आणता येईल का? शहरातल्या प्रेक्षकाला अडखळल्यासारखं वाटतं."

"नाही."

"थोडंसंच..."

"सातातलं थोडंसं काढलं की सहा होतात बाळा, चार नाही. आणि मला सहाही नकोत. तू दुसरं कुणी बघ, मी रागावणार नाही."

तो गेला. मी तिला म्हटलं, एवढी चांगली संधी! ती म्हणाली, "या वयात चार मोजायला शिकायचं तर मग यंत्रांची एवढी परीक्षा कशाला घेतली मी? पहिलंच बरं होतं की."

महिन्यानं यावोर परत आला, न कळवता. लॅपटॉप उघडून त्यानं फिल्म लावली. त्यानं चित्र नव्यानं कापलं होतं, मावशीच्या सातांवर. कळप खिंडीतून उतरतो तो प्रसंग तर त्यानं दुप्पट लांबवला होता.

"दोन जणांकडून करून घेतलं मी मध्ये," तो म्हणाला. "दोन्ही वेळा मेंढ्या कुणा दुसऱ्याच्या वाटल्या."

मावशीनं काकाला हाक मारली, "आपोस्तोल, तिसरी थाळी काढ."

ऑक्टोबरात ती फिल्म आमच्या नाचाच्या दालनात दाखवली. भिंतीवर पांढरी चादर, खुर्च्या कमी पडल्या, तरुण मंडळी खिडकीत बसली. मेंढपाळही आले होते, बूट न पुसता. शेवटी अक्षरं वर सरकायला लागली आणि त्यात "संगीत: दाफिना कारादझोवा" आलं तेव्हा मागून कुणीतरी शीळ घातली, मग सगळे उभे राहिले. तिच्या नाचाच्या चमूतल्या मुली रडत होत्या. आपोस्तोल काका बसूनच टाळ्या वाजवत होता, कारण तिचा डावा हात त्याच्या गुडघ्यावर होता आणि उठलं तर तो घसरला असता.

मी वाकून विचारलं, "कसं वाटतंय मावशी?"

"खिंडीनंतरच्या भागात मी घाई केलीय," ती म्हणाली. "लॅपटॉप उद्या तुला लागणार आहे का?"